तीन नख्या, तीन शिलिंग

आजचा भाग कुत्र्याच्या नखांवर आहे. हो, बरोबर ऐकलंत, नखांवर.

घरी कुत्रा असेल तर हा कार्यक्रम तुम्हाला पाठ असेल. फरशीवर टकटक आवाज यायला लागतो, मग कुणीतरी म्हणतं, अरे याची नखं वाढलीत. एक जण त्याला मांडीवर धरून बसतो, दुसरा कटर घेतो, तिसरा बिस्किट दाखवत समोर उकिडवा बसतो. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो पंजा ओढून घेऊन थेट सोफ्याखाली. सगळे हसतात, पण कटर हातात असलेला माणूस मनातून घाबरलेला असतो. जरा जास्त कापलं गेलं की रक्त येतं, कुत्रा कळवळतो आणि पुढचे सहा महिने पंजाला हात लावू देत नाही.

आता अशी कल्पना करा की हे काम तुमच्या घरात होतच नाही. राजाची माणसं गावात आली आहेत. समोर लाकडी ठोकळा आहे, हातात पटाशी आणि हातोडा. तुमच्या कुत्र्याचा पुढचा पंजा त्या ठोकळ्यावर ठेवायचा. एका घावात तीन नख्या उडवायच्या. नखं वाढली म्हणून हे चाललेलं नाही. कुत्र्याला राजाच्या हरणामागे धावता येऊ नये म्हणून चाललंय. आणि केलं नसेल तर दंड तुम्ही भरायचा.

हे बाराव्या-तेराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कायद्याने होत होतं. इंग्रजीत त्याला ‘लॉइंग’ म्हणायचे. लॉ म्हणजे कायदा, त्यावरून लॉइंग. कुत्र्याला ‘कायदेशीर करणं’. शब्द किती सभ्य आहे बघा.

गोष्ट नीट कळायला आधी पंजा समजून घेऊ. दोन मिनिटं द्या, शेवटी घरच्या कटरपाशी येऊ तेव्हाही हेच कामाला येईल.

आपलं नख म्हणजे बोटाच्या पाठीवर बसवलेली चकती. कुत्र्याचं तसं नसतं. त्याच्या बोटाचं शेवटचं हाड पुढे चोचीसारखं निमुळतं होतं आणि त्या हाडावरच नखाचं कवच वाढत जातं. कवचाच्या आत, हाडाला लागून, एक जिवंत भाग असतो. त्यात रक्तवाहिनी असते, नस असते. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: जिव्हाळी. आपलंही नख फार खोल कापलं गेलं की जिव्हाळी दुखते ना, तीच. जिव्हाळीच्या पुढे जे कवच उरतं ते निर्जीव. आपण घरी कापतो ते फक्त तेवढंच, आणि म्हणून ते परत वाढतं.

दुसरी गोष्ट. मांजर नखं आत ओढून घेतं, कुत्र्याला ते जमत नाही. त्याची नखं कायम बाहेर, खेळाडूच्या खिळ्यांच्या बुटांसारखी. पुढच्या पायाची चार बोटं जमिनीला टेकतात, पाचवं अंगठ्यासारखं वर राहतं. जोरात धावताना, वळताना, चिखलात उडी घेताना ही चार नखं जमिनीत रुततात आणि पकड मिळते. पुढच्या पायाच्या चारपैकी तीन बोटांची टोकं काढली तर कुत्रा उभा राहतो, चालतो, भुंकतो, चावतोसुद्धा. पण हरणामागे सुसाट धावणं संपलं.

ज्याने हा कायदा काढला त्याला कुत्र्याचं शरीर चांगलं कळत होतं. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

1066 साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकतो. जिंकल्यावर तो ज्या गोष्टी आणतो त्यातली एक म्हणजे ‘फॉरेस्ट’. आपण या शब्दाचं भाषांतर जंगल असं करतो, पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये तो झाडांचा शब्द नव्हता, कायद्याचा होता. राजाने ज्या प्रदेशावर बोट ठेवलं तो फॉरेस्ट. त्यात झाडी असेल, माळ असेल, दलदल असेल, आणि गावं, शेतं, घरंसुद्धा असतील. जमीन दुसऱ्याच्या मालकीची असली तरी चालेल. त्या हद्दीतलं हरीण आणि रानडुक्कर राजाचं, आणि ते ज्या हिरवाईवर जगतं तीही राजाच्या राखणीतली. मराठीत सांगायचं तर राजाचं राखीव रान, पण त्या रानात तुमचं घरही येतं.

विल्यमचा पणतू दुसरा हेन्री, त्याच्या काळात ही हद्द सगळ्यात जास्त फुगली. एसेक्स परगणा जवळजवळ अख्खा फॉरेस्टमध्ये गेला होता. आणि या हद्दीत देशाचा नेहमीचा कायदा चालत नव्हता. हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने त्या काळात राज्यकारभारावर एक ग्रंथ लिहिला, त्यात तो हे अगदी उघडपणे मान्य करतो. फॉरेस्टचा न्याय राजाच्या मर्जीतून येतो, देशाच्या सामान्य कायद्यातून येत नाही. सरकारचाच माणूस सरकारबद्दल इतकं स्पष्ट लिहितो, हे मला तरी थक्क करतं.

आता या हद्दीत राहणाऱ्या शेतकऱ्याचा विचार करा. त्याच्याकडे मेंढ्या आहेत, डुकरं आहेत, कोंबड्या आहेत. रात्री चोर येतात. लांडगेही आहेत, कारण इंग्लंडमधले लांडगे तेव्हा अजून संपलेले नव्हते. त्याला कुत्रा हवाच. तोही दांडगा, राखणीचा. त्या काळी अशा कुत्र्याला मॅस्टिफ म्हणायचे. आज मॅस्टिफ म्हटलं की आपण प्रदर्शनातली एक जात डोळ्यासमोर आणतो, तसं नका करू. गावातला मोठा राखणदार कुत्रा, एवढाच अर्थ धरा.

राजाला त्या कुत्र्याची भीती वाटते. कारण हाच कुत्रा संध्याकाळी सुटला की हरणाच्या पाडसामागे लागतो. आणि मालकानेच त्याला सोडलं असेल तर? त्या काळच्या कायद्यात चोरटी शिकार ओळखायच्या चार खुणा सांगितल्या जात. धनुष्य ताणून दबा धरलेला माणूस. पाठीवर शिकार घेतलेला माणूस. हाताला रक्त लागलेला माणूस. आणि चौथी खूण, जखमी हरणाचा वास काढत जाणारा कुत्रा आणि त्याच्यामागून चाललेला माणूस. चारातल्या एका खुणेत कुत्रा थेट आरोपीच्या शेजारी उभा आहे.

कुत्रे ठेवायलाच बंदी घालावी तर शेतकरी जगणार नाही, आणि शेतकरी जगला नाही तर महसूल कुठून येणार? म्हणून मधला रस्ता निघाला. कुत्रा ठेव. त्याचं भुंकणं तुझं, त्याचे दात तुझे. त्याचं धावणं मात्र आम्ही काढून घेतो.

1184 साली हेन्रीने वुडस्टॉक इथे फॉरेस्टचे नियम पक्के केले. त्यात हा हुकूम आहे. राजाची जनावरं जिथे जिथे राखीव आहेत किंवा पूर्वापार होती, तिथे तिथे मॅस्टिफ कुत्र्यांचं लॉइंग व्हायला हवं. हुकूम छोटासा आहे, पण तो गावोगावच्या ठोकळ्यापर्यंत पोचला.

प्रत्यक्षात ते कसं करायचे याचं सगळ्यात नेमकं वर्णन बऱ्याच नंतरचं आहे. जॉन मॅनवुड नावाचा वकील होता, फॉरेस्टच्या कायद्याचा जाणकार. त्याचं पुस्तक 1598 साली छापून आलं. तो अगदी मापं देतो. ठोकळा आठ इंच जाड आणि एक फूट चौरस. त्यावर कुत्र्याचा पुढचा एक पंजा ठेवायचा. दोन इंच रुंदीची पटाशी तीन नख्यांवर धरायची आणि हातोड्याच्या एकाच घावात त्या साफ तोडायच्या. सुताराला टेबलाची मापं सांगावीत तशा सुरात हे सगळं लिहिलेलं आहे.

इथे आपला मघाचा पंजा आठवा. नख्या कातडीपाशी तोडायच्या. म्हणजे जिव्हाळीच्याही मागे. ज्या लॅटिन कागदपत्रांत हा नियम येतो तिथे शब्द आहे ‘ऑर्टिली’. फ्रेंचमध्ये पायाच्या बोटाला ‘ऑर्टेय’ म्हणतात, त्याच घरातला हा शब्द. त्यामुळे नखं कापली असं आपण म्हणतो, पण खरं तर बोटाची टोकं जात होती. ती परत वाढणार नव्हती. भूल नव्हती, जंतुनाशक नव्हतं. त्यानंतर किती कुत्र्यांचा पाय पिकला असेल, किती दगावले असतील, याची कुणी वही ठेवलेली नाही. दंडाच्या वह्या मात्र नीट ठेवलेल्या आहेत.

दंड हाच या गोष्टीतला दुसरा घाव. तुमच्या कुत्र्याच्या नख्या शाबूत सापडल्या तर राजाची माणसं काय करायची? बैल घेऊन जायची. म्हणजे नांगराचा बैल. ज्याच्या दावणीला दोन बैल आहेत त्याचा एक गेला तर त्याची पेरणी गेली. आणि तपासणी कधी होणार याचा भरवसा नाही, तपासणारा एकटा, त्याचा शब्द अंतिम. आपल्याला हे चित्र अनोळखी वाटू नये. चार शिपाई, एक नियम आणि हातात दोरी असलेला माणूस दारात आला की काय होतं, हे शेतकऱ्याला कुठल्याही देशात सांगावं लागत नाही.

थोडं विषयांतर करते. आपल्याकडे 1878 साली इंग्रज सरकारने जंगल कायदा केला आणि डोंगर, दऱ्या, गायरानं राखीव व्हायला लागली. चुकून जनावर हद्दीत गेलं की कोंडवाडा आणि दंड. जोतीराव फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या जंगल खात्यावर कोरडे ओढले आहेत. गरिबाच्या शेरडांना रानाचा वाराही खायला जागा उरली नाही, अशी त्यांची तक्रार होती. हा कायदा त्या जुन्या इंग्लिश कायद्यातून सरळ उतरला, असं मी म्हणत नाहीये. तो वेगळ्या काळात, लाकडाच्या हिशेबातून आला. पण बैल ओढून नेला जात असताना दारात उभ्या असलेल्या माणसाला काय वाटलं असेल, हे समजायला आपल्याला लंडनला जायची गरज नाही. असो. परत येऊ.

हेन्रीनंतर रिचर्ड आला, मग जॉन. रिचर्डच्या काळात तर हरणाच्या शिकारीसाठी डोळे काढण्याची आणि खच्ची करण्याची शिक्षा जाहीर झाली होती. जॉनच्या विरुद्ध सरदारांनी बंड केलं आणि 1215 मध्ये त्याच्याकडून मॅग्ना कार्टा लिहून घेतला. तो आपण शाळेत शिकलोय. त्यात फॉरेस्टबद्दल काही कलमं होती, पण सगळं तिथे मावलं नाही. पुढच्याच वर्षी जॉन मेला. गादीवर आला त्याचा मुलगा तिसरा हेन्री, वय वर्षं नऊ. राज्य चालवत होता विल्यम मार्शल नावाचा सत्तरीचा योद्धा. देशात यादवी, फ्रान्सचा राजपुत्र इंग्लंडमध्ये घुसलेला. लोकांना आपल्या बाजूला आणायचं तर काहीतरी द्यावं लागणार होतं.

6 नोव्हेंबर 1217 रोजी एक वेगळी सनद निघाली, फक्त फॉरेस्टसाठी. तिचं नाव जंगलाची सनद. पोरगेल्या राजाकडे स्वतःची मोहोरसुद्धा नव्हती, म्हणून मार्शलची आणि पोपच्या प्रतिनिधीची मोहोर लावली. आणि एक मजेदार गोष्ट. मोठ्या सनदेला ‘मॅग्ना’ म्हणजे मोठी असं नाव पडलं तेच मुळी या धाकट्या सनदेपासून वेगळी ओळखता यावी म्हणून. मॅग्ना कार्टाला तिचं नाव धाकट्या बहिणीमुळे मिळालं.

या धाकट्या सनदेचं सहावं कलम कुत्र्यांच्या नखांवर आहे.

मला हे कलम फार आवडतं, आणि वाचताना अंगावर काटाही येतो. ते काय सांगतं बघा. एक, तपासणी दर तीन वर्षांनी होईल, जेव्हा फॉरेस्टची ठरलेली पाहणी होते तेव्हाच. अधेमधे येऊन कुणी दार ठोठावणार नाही. दोन, तपासणी भल्या माणसांच्या देखत आणि त्यांच्या साक्षीने होईल. एकट्या शिपायाचा शब्द पुरणार नाही. तीन, ज्याच्या कुत्र्याच्या नख्या शाबूत सापडतील तो तीन शिलिंग भरेल, आणि यापुढे या कारणासाठी कुणाचाही बैल नेला जाणार नाही. चार, नख्या तीनच, पुढच्या पायाच्या, आणि पंजाची गादी कापायची नाही. पाच, जिथे हेन्रीच्या राज्याभिषेकाच्या वेळी ही प्रथा होती तिथेच ती राहील, नव्या गावांत नाही.

चौथा मुद्दा परत ऐका. गादी कापायची नाही. इतकं स्पष्ट लिहून द्यावं लागतं तेव्हा कुठेतरी कुणीतरी गादीसकट कापत होतं असं समजायला हरकत नाही. ‘बैल नेऊ नये’ असं लिहिलं म्हणजे बैल नेले जात होते. कायद्यातलं प्रत्येक ‘करू नये’ म्हणजे आधी होत असलेली एक गोष्ट असते. सामान्य माणसाच्या तक्रारी त्या काळी कुणी लिहून ठेवत नसे, पण त्या अशा मागच्या दाराने कागदावर येतात.

तीन शिलिंग म्हणजे किती? एका शिलिंगात बारा पेनी, म्हणजे छत्तीस पेनी. त्या शतकात साध्या मजुराला दिवसाला साधारण दीड-दोन पेनी मिळायच्या. म्हणजे जवळपास तीन आठवड्यांची मजुरी. हलकी रक्कम नाहीच. पण रक्कम ठरलेली आहे. पुढे काय होणार हे माणसाला आधी माहीत आहे. बैल जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

याच सनदेचं दहावं कलम जास्त प्रसिद्ध आहे. हरणासाठी यापुढे कुणाचा जीव किंवा अवयव घेतला जाणार नाही. दंड होईल, दंड भरता आला नाही तर एक वर्ष आणि एक दिवस कैद, आणि नंतरही जामीन मिळाला नाही तर देश सोडावा लागेल. पण डोळे काढणं, हात तोडणं बंद.

म्हणजे एकाच कागदावर, चार कलमांच्या अंतराने, माणसाचे अवयव वाचले आणि कुत्र्याच्या तीन नख्यांवर मोहोर लागली. इतिहासाची पुस्तकं दहाव्या कलमाचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण सहाव्या कलमावरून जाताना ती गालातल्या गालात हसतात, जणू हा मध्ययुगातला एखादा विचित्र किस्सा आहे. मला तसं वाटत नाही. सत्ता कुठपर्यंत आत येऊ शकते, तर तुमच्या ओसरीवर झोपलेल्या कुत्र्याच्या बोटापर्यंत. आणि तिला कुठे अडवायचं हे लोकांनी मागून घेतलं: तीन नख्या, गादी नाही, तीन वर्षांनी, साक्षीदारांसमोर. हक्कांची लढाई दर वेळी मोठमोठ्या शब्दांची नसते. कधी ती पंजाच्या गादीपाशी लढली जाते.

पुढे काय झालं? कायद्यातून पैसा निघू शकतो हे कळल्यावर जे होतं तेच. मठ आणि मोठे जमीनदार राजाकडून सूट मिळवायला लागले, की आमच्या कुत्र्यांना हात लावू नका. या दंडाला ‘फुटगेल्ड’ असं नाव पडलं, फुट म्हणजे पाय. फुटगेल्डमधून माफी मिळणं हा मानाचा हक्क झाला. ज्यांच्यासाठी राजाला पत्र लिहिणारं कुणी नव्हतं, त्यांच्या कुत्र्यांच्या नशिबी ठोकळा.

लहान कुत्र्यांना मात्र सूट होती. हरणाचं ते काय वाकडं करणार? कनूट राजाच्या नावावर खपवलेला एक कायदा आहे, बाराव्या शतकात कुणीतरी बनावट तयार केलेला. त्यातही छोट्या कुत्र्यांपासून धोका नाही असं म्हटलंय, आणि शिकारी कुत्र्यांच्या मात्र गुडघ्यावर घाव घालायला सांगितलाय. त्यापुढे तीन नख्या सौम्यच म्हणायच्या.

दक्षिण इंग्लंडमध्ये न्यू फॉरेस्ट आहे, लिंडहर्स्ट गावात तिथल्या जुन्या अधिकाऱ्यांची कचेरी आहे. तिथे भिंतीवर एक मोठी लोखंडी रिकीब लावलेली आहे. घोडेस्वार पाय ठेवतो ती रिकीब. परंपरा सांगते की कुत्रा या रिकिबीतून आरपार गेला तर तो लहान, त्याच्या नख्या वाचल्या. अडकला तर ठोकळा. लोक तिला विल्यम रूफसची रिकीब म्हणतात, म्हणजे विल्यमच्या त्या मुलाची जो 1100 साली याच न्यू फॉरेस्टमध्ये शिकार करताना बाण लागून मेला. जाणकारांच्या मते रिकीब इतकी जुनी नाही, ट्यूडर काळातली आहे, म्हणजे चारशे वर्षं तरी अलीकडची. पण आपल्या मोठ्या कुत्र्याला पोट आत घेऊन त्या रिकिबीतून ढकलू पाहणारा एखादा म्हातारा शेतकरी माझ्या डोळ्यासमोर येतोच. तसा पुरावा काही नाही, माझी कल्पना आहे, सोडून द्या.

ही प्रथा आज लोकांना माहीत असेल तर बहुतेक वेळा एका कादंबरीमुळे. 1819 च्या अखेरीस वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅनहो’ आली. पहिल्याच प्रकरणात गर्थ नावाचा डुकरं राखणारा माणूस आहे, त्याचा कुत्रा फँग्ज. वादळ येतंय, डुकरं पांगली आहेत, आणि फँग्ज लंगडत इकडेतिकडे करतोय, त्याच्याने ती गोळा होत नाहीत. गर्थ वैतागून रानाच्या रखवालदाराला शिव्या घालतो, कारण त्याने कुत्र्याच्या पुढच्या नख्या तोडून त्याला कामातून घालवलंय. गर्थच्या स्वतःच्या गळ्यात पितळी कडं आहे, न निघणारं, त्यावर मालकाचं नाव. स्कॉटने इतिहासात बरेच घोळ केले असतील, पण ही जोडी त्याने बरोबर पकडली. राजाचा नियम हरणासाठी होता. लंगडा झाला डुकरं राखणारा कुत्रा.

हळूहळू फॉरेस्टचा कायदा विरत गेला. सतराव्या शतकात पहिल्या चार्ल्सने दंड गोळा करायला तो परत उकरून काढायचा प्रयत्न केला, तो त्याला महागात पडला. लॉइंग तर कधीच बंद पडलं होतं. पण जंगलाच्या सनदेतली उरलीसुरली कलमं कायद्याच्या पुस्तकातून अधिकृतपणे निघाली ती 1971 मध्ये. 1217 ते 1971. मूळ सनदेच्या दोन प्रती आजही शिल्लक आहेत, एक लिंकनला, एक डरहॅमला.

आणि बोटाचं टोक कापण्याचं काय? तेही पूर्ण संपलं नाही, फक्त कुत्र्याकडून मांजराकडे गेलं. अमेरिकेत सोफा ओरबाडतं म्हणून मांजराची नखं कायमची काढून टाकण्याची शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं सर्रास होत आली. नाव नखांचं, पण नख हाडावर वाढतं हे आपण मघाशी पाहिलं. म्हणून प्रत्येक बोटाचं शेवटचं हाडच काढावं लागतं. न्यूयॉर्क हे त्यावर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य, साल 2019. भूल असते, स्वच्छ खोली असते. हरणाच्या जागी सोफा आलाय, इतकंच.

आता घरी येऊ. तुमचा कुत्रा अजून सोफ्याखालीच असेल.

नखं कापावी का लागतात? पूर्वी ती झिजायची. शेतात, दगडात, मातीत दिवसभर हिंडणाऱ्या कुत्र्याची आजही झिजतात. फ्लॅटमधल्या गुळगुळीत फरशीवर झिजत नाहीत. लांब नख जमिनीला टेकलं की बोट वर ढकललं जातं, कुत्रा पाय तिरका टाकायला लागतो, म्हातारपणी सांधे दुखतात. ते वरचं अंगठ्यासारखं नख तर जमिनीला लागतच नाही, ते वाढून गोल वळतं आणि कातडीत घुसू शकतं. ते बघायला विसरू नका, केसात लपलेलं असतं.

नख पांढरं असेल तर उजेडात धरा. आतली गुलाबी जिव्हाळी दिसते. तिच्या अलीकडे दोन मिलिमीटर सोडून कापा. नख काळं असेल तर जिव्हाळी दिसत नाही, तेव्हा टोकापासून अगदी बारीक बारीक चकत्या काढत जा आणि प्रत्येक वेळी कापलेली बाजू बघा. मधोमध गडद ओलसर ठिपका दिसायला लागला की थांबा. नखं फार वाढली असतील तर जिव्हाळीही पुढे आलेली असते. एका दिवसात ती मागे जाणार नाही. आठवड्याला थोडं थोडं टोक काढत राहिलात तर ती हळूहळू मागे सरकते.

कटर धारदार हवं. बोथट कटर नख कापत नाही, चिरडतं, आणि त्या दाबाचीच कुत्र्याला जास्त भीती असते. दुकानात कात्रीसारखं मिळतं, आणि एक भोकातून नख घालायचं मिळतं, त्याला चक्क गिलोटिन म्हणतात. नावाला घाबरू नका, पण मोठ्या कुत्र्याच्या जाड नखाला कात्रीसारखंच बरं. जवळ थोडं कॉर्नफ्लॉवर काढून ठेवा. जिव्हाळी लागलीच तर नखाचं टोक त्यात दाबून दोन-तीन मिनिटं धरा, रक्त थांबतं. मेडिकलमध्ये किंवा पेट शॉपमध्ये रक्त थांबवायची पावडरही मिळते. तरीही थांबलं नाही तर डॉक्टरकडे न्या.

आणि कापायच्या आधी बरेच दिवस नुसता पंजा हातात घ्यायची सवय लावा. टीव्ही बघताना, काही न कापता. बोट दाबा, सोडा, खाऊ द्या. मग कटर नुसतं नखाला लावा, खाऊ द्या. मग एक नख. तिघांनी मिळून दाबून धरलं तर काम आज होईल, पण पुढच्या वेळी चौघं लागतील. त्याला पंजा मागे ओढता आला पाहिजे, आणि त्याने ओढला की तुम्ही सोडला पाहिजे. त्या ठोकळ्यावर नेमकी हीच सोय नव्हती.

एका बैठकीत अठराच्या अठरा नखं झालीच पाहिजेत असा कुठलाही कायदा नाही. चार झाली आणि तो कंटाळला, तर कटर ठेवून द्या. उरलेली उद्या. भेटू पुढच्या भागात.